बिअरने चाखलेला माणूस

इंग्लंडातल्या विदरली या खेड्यात आधी बिअर माणसाची चव घेते आणि मग माणूस बिअरची. बिअरला न रुचलेल्या पाहुण्याला आल्यापासून पंधरा दिवसांत गाव सोडावं लागतं. याबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही.

यशवंतराव नाईकनवरे कराडहून तिथे पोचले तेव्हा त्यांच्या लेकीला, केतकीला, आठवा महिना सरत आला होता. आई असती तर बाळंतपणाला तीच आली असती. ती दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणून डिंक, खारीक आणि मेथ्या बांधून बापच आला. पंधरा दिवसांत त्याचं काही भागणार नव्हतं.

चौदाव्या दिवशी पबच्या मालकीण डोरीनबाई त्यांना तळघरात घेऊन गेल्या. घडवंचीवर पिंप आडवं निजलं होतं आणि त्यात गावची जुनी सोनेरी बिअर होती. तिला तिथे गोल्डन एल म्हणतात. डोरीनबाईंनी अर्धा ग्लास भरला आणि यशवंतरावांनी त्यात रीतसर उजवी करंगळी बुडवली. त्यांची सगळी नोकरी भेसळ पकडायला दुधाचे नमुने घेण्यात गेलेली. सख्ख्या मेव्हण्याच्या डेअरीलाही त्यांनी कधी सोडलं नव्हतं. आता आपणच नमुना झालो याचं त्यांना हसू आलं.

बिअरने बराच वेळ घेतला. ज्याची करंगळी त्याची भाषा, असा तिचा शिरस्ता, त्यामुळे ती मराठीतच बोलली. तूप लागतंय, जायफळ लागतंय, शिवाय काहीतरी कडू आहे, हा नुसता माणूस वाटत नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

यशवंतराव चपापले. सकाळीच त्यांनी बायकोच्या वहीत बघून लाडू वळले होते. हात धुतले होते, पण तूप असं थोडंच जातं? गप्प राहिले असते तर निभावून गेलं असतं. पण एकतीस वर्षांची खोड जाता जात नाही.

“नमुन्यात भेसळ आहे,” ते म्हणाले. “मी असतो तर नापास केला असता.”

जिन्याच्या पायरीवर दुभाषी म्हणून बसलेल्या केतकीने डोळे मिटून ते इंग्रजीत सांगितलं. डोरीनबाईंनी नकाराचा फॉर्म काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

“करंगळी काढू नका,” बिअर म्हणाली. मग तिने पुन्हा एकदा चव घेतली. “भेसळ वेगळी लागते. हे सगळं एकजीव झालंय. माणूसच असा आहे.”

डोरीनबाईंनी टोपण लावलं. आता पाळी यशवंतरावांची. आयुष्यात कधी थेंबाला शिवले नव्हते, पण नियम तो नियम. त्यांनी त्याच ग्लासातून घोट घेतला. आधी संत्र्याच्या सालीचा वास आला, मग मधाची पुसट गोडी, आणि शेवटी चांगला ठसठशीत कडवटपणा. बिअर निकालाची वाट पाहत होती. तीही जरा घाबरलेलीच होती.

“कडू आहे,” ते सावकाश म्हणाले. “पण हिच्या आईच्या मेथीच्या लाडवांइतकीच. मला चालेल.”

केतकी रडली. बापालाही भरून आलं.

बारशापर्यंत राहण्याची परवानगी तिथल्या तिथे मिळाली. ते निघताना बिअरने विचारलं, बारशाला मला बोलवाल का. प्यायला नको, नुसती बसेन. यशवंतरावांनी आग्रहाचं आमंत्रण केलं.

मुलगी झाली. हलवलेल्या पिंपातला गाळ खाली बसायला दोन दिवस लागतात, म्हणून बिअर बारशाच्या दोन दिवस आधीच येऊन पाळण्याशेजारी बसली. घरची माणसं अशीच आधी येतात.