काकांनी हवेत बंद केलेलं दुकान

सलूनवाले काका परदेशी लेकीकडे निघाले, तेव्हा त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं, की एवढ्या लांबच्या विमानप्रवासातून माणसं चुरगळून उतरतात, पण मी इस्त्री केल्यासारखा उतरणार! कारण काकांनी हेडफोन घेतला होता, बाहेरचा आवाज गिळून टाकणारा. एका गिऱ्हाइकाने दाढी करून घेता घेता त्याची महती गायली होती. इंजिनाची घरघर गायब, रडणारी पोरं गायब. काकांनी वस्तरा थांबवून हळूच विचारलं, की शेजारच्या सीटवरचा आवाजही जातो का. जातो म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी खरेदी उरकली.

शेजारच्या सीटवर अर्थातच काकू होत्या. काकूंचा विषय वर्षानुवर्षं एकच, आता ते दुकान पुरे करा. निदान काकांच्या कानावर तेवढंच पडायचं. आणि दुकान म्हणजे तर काकांचा जीव की प्राण! विमान वर गेलं, तसा काकांनी हेडफोन चढवला, जुनी गाणी लावली आणि जगाशी काडीमोड घेतला.

आता धंद्यातली एक सवय सांगायला हवी. केस कापून घेताना गिऱ्हाईक अखंड बोलत असतं. राजकारण, साहेब, गुडघे. काकांनी कात्री चालवायची की ऐकायचं? म्हणून आरशात गिऱ्हाइकाचे ओठ हलायचे थांबले, की ते म्हणतात, "हो ना, अगदी बरोबर." या उत्तराने आजवर कुणी दुखावलं नव्हतं. विमानात कान बंद होते, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून काकूंचे ओठ दिसतच होते, आणि काकांची जीभ नेमाने आपलं काम करत होती.

मध्येच काकूंनी तोंडावर रुमाल धरला. त्यांचे खांदे हलत होते. गार हवा बाधली असेल, असं म्हणून काकांनी गाणं बदललं. मग काकू पलीकडच्या बाईंशी बोलल्या, बाई एअर होस्टेसशी बोलल्या. थोड्या वेळाने काकांपुढे केकचा तुकडा आला. तिकिटातच असणार, म्हणून काकांनी तो फस्त केला. पाठोपाठ अख्खं विमान टाळ्या वाजवू लागलं! आपण मागे कशाला राहायचं, म्हणून काकांनीही अर्धवट उभं राहून सगळ्यांपेक्षा जोरात वाजवल्या. त्यावर लोक आणखीच खूश झाले.

विमान उतरल्यावर काकांनी हेडफोन काढला, तर पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी त्यांचा हात हातात घेतला. "निवृत्तीच्या शुभेच्छा. कॅप्टनने सांगितलं, तुम्ही दुकान कायमचं बंद करताय."

टाळ्या कशाच्या होत्या, ते काकांना आत्ता कळलं. पासपोर्टच्या रांगेत त्यांना घाम फुटला. गप्प बसावं तर दुकान गेलं, आणि खरं सांगावं तर बायको गेली! अखेर दुकान जिंकलं.

"अगं," ते काकूंना म्हणाले, "मी यातलं काही ऐकलेलंच नाही. तुझं ऐकू येऊ नये म्हणूनच हे घेतलं होतं."

"ते मला सुरुवातीलाच कळलं. चहा हवा की कॉफी विचारलं, तर 'अगदी बरोबर' म्हणालात. म्हटलं, आज सगळंच विचारून घ्यावं."

"आणि तो तोंडावरचा रुमाल? गार हवा बाधली होती ना?"

"हसू आवरत नव्हतं हो."

काका काकुळतीला आले. दुकानाशिवाय आपण महिनाभरही जगणार नाही, हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. मग स्वतःच तोड काढली, की दुकान फक्त सकाळी उघडू, दुपारनंतर शटर खाली आणि संध्याकाळी घरी.

"चालेल," काकू म्हणाल्या.

त्या इतक्या पटकन म्हणाल्या, की काकांना संशय आला. "कायमचं बंद करायचं होतं ना तुला?"

"मी कधी म्हटलं तसं? संध्याकाळी घरी येत जा, एवढंच तर म्हणतेय इतकी वर्षं."

"मग विमानात कायमचं कशाला सांगितलंस?"

"तुम्ही घासाघीस करणार, हे ठाऊक होतं."

काकांनी मान डोलावली. इतकी वर्षं हे ऐकू न येण्यासाठी त्यांना हेडफोनची काहीच गरज पडली नव्हती.