बाबांना अपूर्णांक समजत नाहीत

चीनमधल्या शाळेने लेकीला शिक्षिका म्हणून जवळजवळ घेतलंच होतं. एकच गोष्ट राहिली होती. एका विद्यार्थ्याला अपूर्णांकांची बेरीज शिकवतानाचा सलग व्हिडिओ संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा. भाषा कोणतीही चालणार होती, त्यांना शिकवण्याची हातोटी बघायची होती. ठरलेली विद्यार्थिनी, म्हणजे शेजारची मुलगी, नेमकी सकाळी गालगुंड घेऊन उठली.

"एवढं काय घाबरतेस? आपला दादा आहे की!" आत्या म्हणाली. तिचा दादा म्हणजे बाबा. बाबा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. चाळीस वर्षं पाव इंच, पाऊण इंच करण्यात गेलेली.

महिन्यापूर्वी लेकीने चीनला जाऊन शिकवायचं ठरवलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "जा की, चांगलंच आहे." आणि त्यानंतर आठवडाभर शर्टांना काजं एका बाजूला आणि बटणं भलतीकडे लावत होते. पाठीवरून हात फिरवायला बायको हयात नाही, एकुलती एक लेक निघालेली. माणसाने करावं तरी काय?

अडीच वाजता कपडे बेतायच्या टेबलासमोर विद्यार्थी स्टुलावर बसला. आत्याने मोबाईल धरला.

"अर्धा अधिक एक तृतीयांश," लेकीने सफरचंद कापलं. "हा अर्धा भाग. समजलं?"

"समजलं, बाई," बाबा म्हणाले आणि तो अर्धा भाग खाऊन टाकला.

"बाबा, तो बेरजेला हवा होता!"

"मग आधी सांगायचं ना, बाई."

दुसऱ्या वेळी तिने कागदाच्या पट्ट्या घेतल्या. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि तीन पाच, म्हणून दोन पंचमांश, असं बाबांनी छातीठोकपणे सांगितलं. तिसऱ्या वेळीही तेच. चौथ्या वेळी काड्यापेटीतल्या काड्या मांडून झाल्या. बाबांची मान डावीकडून उजवीकडे हलत राहिली. "नाही बुवा डोक्यात शिरत. आमचं वय झालं आता, बाई."

साडेतीन वाजून गेले. लेकीचा धीर सुटत चालला. पाचव्या वेळी तिने टेबलावरचं राखाडी कापड ओढलं, कात्री उचलली आणि कराकरा सहा सारखे तुकडे केले. "हे बघा! अर्धा म्हणजे यातले तीन. एक तृतीयांश म्हणजे दोन. तीन आणि दोन किती?"

बाबांनी कापडाकडे बघत पुन्हा नकारार्थी मान हलवली.

आत्याच्या हातातला मोबाईल खाली आला. "अरे दादा! लायब्ररीवाल्यांच्या पँटचं कापड ते! तुझ्या कात्रीला कुणी बोट लावलं तर घर डोक्यावर घेतोस, आणि आज तुकडे होईपर्यंत हूं की चूं नाही? अरे, नाटक चाललंय तुझं, तुला सगळं येतंय!"

लेकीने कात्री ठेवली. तिचे डोळे भरून आले होते. "जाऊ दे, आत्या. सख्ख्या बापाला शिकवता येत नाही, तिकडे जाऊन काय दिवे लावणार? नाही जात मी."

झालं. बाबांना जे हवं होतं, ते आयतं हातात पडलं. आणि त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

"पाच षष्ठांश," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे मुद्दाम करत होतात?"

"पहिल्यांदा मुद्दाम. खोटं कशाला बोलू? तू जाऊच नयेस, असं वाटत होतं मला." बाबांनी चष्मा पुसला. "पण एकोणीस वर्षं शिकवतेस, मी कधी बघितलं होतं तुला शिकवताना? किती गोड सांगतेस गं. वाटलं, अजून एकदा ऐकावं. मग अजून एकदा."

आत्याने नाक ओढलं आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. सहावा व्हिडिओ सरसर झाला. बाबांनी प्रश्न संपायच्या आत उत्तरं दिली, वर दोन उदाहरणं आपणहून सोडवली. पाचला सात मिनिटं कमी असताना व्हिडिओ गेला. लायब्ररीवाले पँट मागायला आले, त्यांना आत्याने चहा पाजून उद्यावर ढकललं.

सहा वाजता शाळेचं उत्तर आलं. लेकीने वाचून दाखवलं. "शिक्षिका चांगल्या वाटल्या. पण विद्यार्थ्याला सगळं आधीपासूनच येत होतं, असं दिसतं. खरोखर न समजणारा विद्यार्थी असेल, तरच पुढे विचार करू. तसा व्हिडिओ आजच पाठवा." तिने मोबाईल उलटा ठेवला. "संपलं. आता या वेळी असा ढ विद्यार्थी कुठून आणू?"

बाबा नुसते गप्प बसले असते तरी चाललं असतं. लेक घरात राहिली असती, आणि कुणी त्यांना एका शब्दाने बोललं नसतं. ते मिनिटभर गप्प बसलेही.

"काड्यांचा व्हिडिओ पाठव," मग ते म्हणाले. "चौथा. त्यात तू सहा तऱ्हांनी समजावलंस आणि एकदाही आवाज चढवला नाहीस."

"अहो बाबा, पण त्यात तुम्ही अगदी ठोंब्या दिसता! ती सगळी माणसं हसतील तुम्हाला."

"हसू देत. मला कुठे तिथे राहायचंय?" बाबा म्हणाले. "तुला राहायचंय."

आणि ती नको-नको म्हणत असतानाच त्यांनी मोबाईल ओढून घेतला, व्हिडिओ चौथाच आहे ना, याची आत्याला विचारून नीट खात्री करून घेतली आणि पाठवायचं बटण स्वतःच्या हाताने दाबलं.