डावीकडचा हम

आमचे शेजारी झिपरू मास्तर यांच्या पुतण्यासाठी बारडोलीला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, मुलीने सगळ्यांना नमस्कार केला आणि तेव्हा लक्षात आलं की मास्तर जागेवर नाहीत. शोधाशोध झाली. शेवटी शोकेसच्या मागून त्यांचे दोन पाय दिसले. तिथे ठेवलेल्या म्युझिक सिस्टिमच्या पाठीमागे मास्तर शिरले होते. बाहेर आले ते कोपरापर्यंत जळमटं घेऊन, आणि हातात लाल-पांढऱ्या पिनांची एक वायर.

"साहेब," ते मुलीच्या वडिलांना म्हणाले, "घर चांगलं, पोरगी चांगली. पण वायर एकदम बेकार. एवढा मोठा टेप आणि त्याला ही सुतळी?"

मुलीचे वडील साखर कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. ते बिचारे ती वायर हातात घेऊन बसून राहिले. मुलीला हसू आवरलं नाही म्हणून लग्न जमलं, नाहीतर आम्ही पोह्यांवरच परतलो असतो. पुढे लग्नात त्या गृहस्थांनी मास्तरांची ओळख सगळ्यांना "हे मुलाकडचे वायरमन" अशी करून दिली. मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सुरतेत यंत्रमागांच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि खात्यातले माग दुरुस्त करणाऱ्याला मास्तर. गोडादऱ्यात त्यांची आणि आमची भिंत एक. ते खानदेशातले, घरात अहिराणी बोलणारे. मी बुलढाण्याचा, पर्वत पाटियाला एका दुकानात गादीवर बसून दिवसभर साड्या उलगडणारा. इतक्या वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. 'साडीवाले' म्हणत, आणि ते अशा स्वरात म्हणत की आपण काहीतरी हलक्या प्रतीचं विकतो असं वाटावं.

माणूस हुशार होता, हे कबूल. अख्खं खातं धडधडत असताना दारात उभे राहायचे, बोट वर करायचे आणि सांगायचे, "खिडकीजवळचा. त्याचा धोटा आपटतोय." जाऊन बघावं तर तोच माग. पण एखाद्याच्या अंगी एक गुण असला की त्याने तो दिवसातून किती वेळा सांगावा याला काही सुमार? "पाना-पेचकस कोण पण घेईल," मास्तर स्वतःच्या कानाची पाळी धरून म्हणत, "हा कुठून आणशील?" भाजीवालीलाही त्यांनी हे सांगितलेलं मी ऐकलं आहे. ती त्यांच्याकडे कोथिंबिरीची जुडी मागत होती, परत ठेवायला.

त्यांच्या आधी खात्यात गोविंद मास्तर म्हणून होते. मागांच्या आवाजाने त्यांचे कान गेले, तेव्हा शेठने त्यांना फाटकावर बसवलं, हातात दांडका देऊन. झिपरू मास्तर त्यांची नक्कल फार छान करायचे. कोणी हाक मारली की उलट्याच बाजूला मान वळवायची आणि "कोण छे?" म्हणून ओरडायचं. आम्ही हसायचो. मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तेवढ्या हसत नसत.

वायरींचा नाद लागला तो शेठच्या मुलामुळे. त्याने नवा परदेशी सेट आणला आणि जुना डेक आणि अँप्लिफायर मास्तरांना देऊन टाकला. मास्तरांनी तो घरी जोडला, कान दिला आणि जाहीर केलं, "हम आहे. डावीकडे." हम म्हणजे गाणं बंद असतानाही स्पीकरमधून येणारी बारीक घूं. आता डेकमधून अँप्लिफायरमध्ये आवाज नेणारी वायर बदलली की हम जातो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. ते सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

झालं. मास्तरांच्या दारामागे खिळे ठोकले गेले आणि खिळ्यांवर वायरी लटकू लागल्या. काळी, जाड काळी, निळी, 'जपानी', आणि एक सोनेरी पिनांची, जिला ते दाराआड ठेवत नसत, देव्हाऱ्याशेजारी ठेवत. माझ्या मते या सगळ्या एकाच गल्लीत एकाच माणसाने बनवलेल्या होत्या. मी तसं म्हटल्यावर मास्तरांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "आवाज डब्यातून येत नाही, साडीवाले. आवाज वायरमधून येतो."

परीक्षेचा दिवस रविवार, कारण त्या दिवशी आमच्या भागातली खाती बंद. एरवी आमच्याकडे दिवसरात्र अशी धडधड की शेजारी बसलेल्या माणसालाही ओरडून सांगावं लागे. रविवारी मात्र एकदम सगळं शांत. त्या शांततेत मास्तर आम्हाला बोलावत. मी आणि समोरचे पवार, लातूरकडचे, बांधकामावर सेंट्रिंगचं काम करणारे. वहिनींच्या हातची कांदाभजी ही आमची हजेरी.

पद्धत ठरलेली. आधी बासरीची कॅसेट लागायची. सुरुवातीची लकेर झाली की मास्तर पॉजचं बटण दाबत, आवाज पूर्ण वाढवत, डोळे मिटून मान डावीकडे कलवत आणि हम ऐकत. मग डोळे न उघडताच गुजरातीत फर्मावत, "हवे बोल!" म्हणजे आता बोला. मग वायर बदलायची, कॅसेट मागे न्यायची, पुन्हा तीच लकेर. त्या बासरीवाल्याने पुढे काय वाजवलं हे गोडादऱ्यात कोणालाच ठाऊक नव्हतं.

पवार धोरणी माणूस. तोंडात भजी असायची, ती गिळून ते म्हणत, "हाय की वो मास्तर. लईच हाय." मास्तर खूश. मग माझी पाळी. मला कधीच काही ऐकू आलं नाही, आणि मी तसं तोंडावर सांगत असे. "हम नाही, मास्तर."

"नाही?"

"नाही."

"साड्या विकून विकून कान पण पाचवारी झाला तुमचा," असं म्हणून ते माझ्यापुढची ताटली पवारांकडे सरकवत. मीही हट्टाला पेटलो होतो. एक ना एक दिवस या माणसाला खोटा पाडायचाच, असं मी बायकोजवळ बोलूनही दाखवलं होतं.

मध्यंतरी त्यांना अर्थिंगचं वेड लागलं. हमला जमिनीत वाट करून द्यायची, म्हणे. जमीन कुठे? तर अंगणातली तुळशीची कुंडी. तीत त्यांनी तांब्याची तार पुरली, वर कोळसा आणि मीठ घातलं आणि रोज तांब्याभर पाणी घालू लागले. हम जिथल्या तिथे राहिला, तुळस मात्र गेली. वहिनींनी कितीतरी दिवस अबोला धरला. मास्तरांच्या ते लक्षात आलं नाही. घर शांत आहे, परीक्षेला बरं, एवढंच ते म्हणाले.

मग त्या हिवाळ्यात पर्वत पाटियाच्या चहाच्या टपरीवर मला पवारांनी बातमी सांगितली. शेठने खात्यात नवा मास्तर आणला होता, तरुण. नावाला मदतीला. कारण आमच्या मास्तरांनी बोट वर केलं आणि भलताच माग दाखवला. एकदा नव्हे. चांगला चालता माग उघडून ठेवला आणि बिघडलेला तसाच चालत राहिला. कापड वाया गेलं.

"आता फाटकावर बसवत्यात बगा," पवार म्हणाले.

मी हसलो. खोटं कशाला सांगू, मला जरा बरंही वाटलं.

त्या शनिवारी मास्तर स्वतः दारात आले. हातात एक खोकं होतं, मुंबईहून मागवलेलं. आत मखमलीवर ठेवलेली जाडजूड वायर, मंगळसूत्रासारखी. "ही शेवटची," ते म्हणाले. "हिच्यात पण हम आला, तर मग वायरचा दोष नाही."

"मग कोणाचा?" मी विचारलं.

मास्तर खोकं बंद करून निघून गेले.

रविवारी आम्ही बसलो. थंडी होती, पंखा बंद. दुपारचं ऊन असल्याने दिवाही लावलेला नव्हता. मास्तरांनी नवी वायर जोडली. बासरी लागली, लकेर झाली. त्यांनी पॉज दाबला, आवाज पूर्ण वाढवला, डोळे मिटले आणि मान डावीकडे कलवली. आणि तेवढ्यात वीज गेली.

अँप्लिफायरवरचा लाल दिवा विझला. पवारांच्या घरातला टीव्ही गप्प झाला. स्पीकर म्हणजे आता नुसत्या दोन लाकडी पेट्या. भजीची ताटली घेऊन वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनीही तो दिवा पाहिला.

मास्तर डोळे मिटून ऐकत होते. कपाळाला आठी पडली.

"आहे," ते हळूच म्हणाले. "डावीकडेच आहे."

पवारांनी आ वासला. मी कितीतरी रविवार ज्या घटकेची वाट पाहत होतो ती आयती समोर आली होती. मास्तर, वीज गेली आहे, एवढंच म्हणायचं होतं.

"हवे बोल!" मास्तर म्हणाले. पण त्या बोलण्यात नेहमीचा तोरा नव्हता. "साडीवाले, आज तरी ऐकू येतं ना?"

"माले बी आयकू येस," वहिनी दारातूनच म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती विनंती नव्हती. ज्या बाईची तुळस या माणसाने मिठात मारली, ती बाई माझ्याकडे अशी बघत होती की माझ्या तोंडून 'नाही' निघालं असतं तर तिने ताटली मला फेकून मारली असती.

"हो मास्तर," मी म्हणालो. "आहे. बारीक आहे."

त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, अगदी आनंदाने. मग त्यांची नजर अँप्लिफायरकडे गेली. विझलेल्या दिव्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग पुन्हा माझ्याकडे.

"साडीवाले," ते म्हणाले, "तुम्ही पण?"

मला फार वाईट वाटलं. पवारांनी मान खाली घातली. वहिनी पुढे आल्या, ताटली त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि मास्तरांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्यांना मी मास्तरांच्या शेजारी बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

"वायरमाच शे ते," त्या म्हणाल्या. "दुसरी आणूत."

थोड्या वेळाने अँप्लिफायरचा दिवा लागला. पवारांचा टीव्ही बोलू लागला. मास्तरांनी आवाज कमी केला आणि पॉजचं बटण सोडलं. बासरी जिथे थांबली होती तिथून पुढे निघाली. त्यांचा हात सवयीने बटणापाशी गेला, तिथे थोडा घुटमळला आणि मांडीवर परत आला.

"कसा आहे आवाज?" त्यांनी मला विचारलं. आजवर ते विचारत नसत, सांगत.

"एकदम चोख्खा," मी म्हणालो. "खरंच, मास्तर."

"बराबर ऐका," ते म्हणाले. "आणि मग मला सांगा, पुढे काय वाजवलंय त्याने."