नारायण पेठेत होडीचं इंजिन

शंभूने टेम्पोतून होडीचं इंजिन उतरवलं, तेव्हा त्याची थोरली बहीण नीरजाताई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. गोधडीत गुंडाळलेलं, खाली पंख्याची पाती दिसणारं ते धूड दोघांनी उचलून जिन्याकडे आणलेलं पाहून त्यांनी घरात हाक मारली, "अहो, शंभू आंब्याच्या पेट्या आणणार होता ना? हा कुठल्या जातीचा आंबा आलाय, जरा खाली जाऊन बघता का?"

बाळ मेहेंदळे खाली धावले ते हरखूनच. विमा कंपनीत आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी केलेल्या नुकसानीचे दावे तपासले होते. स्वतः काही करायला सवड मिळाली ती निवृत्तीनंतरच. तेव्हापासून घरातला पंखा उलटा फिरत होता आणि न्हाणीघरातला दिवा लावला की दारावरची बेल वाजत होती.

शंभूची दाभोळच्या खाडीत पर्यटकांना फिरवायची होडी होती. पावसाळ्यात धंदा बंद. होडी काठावर ओढून झावळ्यांखाली ठेवता यायची, पण खाऱ्या दमट हवेने इंजिन गंजायचं. अजून एक पावसाळा असाच गेला तर ते भंगारात जाईल, असं मेस्त्रीने सांगितलं होतं.

"पुण्याची हवा कोरडी, भावोजी," शंभू म्हणाला. "दिवाळीपर्यंत राहू दे तुमच्याकडे. फक्त ठेवण्यापूर्वी पिंपात गोडं पाणी भरून त्यात खालचा भाग बुडवा आणि इंजिन चालवा, म्हणजे आतलं मीठ धुऊन निघेल. मग चालू इंजिनातच ह्या डब्यातल्या तेलाचा थोडा थोडा फवारा मारायचा. पांढरा धूर आला की समजा, आत सगळीकडे तेल बसलं. पंख्याच्या दांड्याला ग्रीस लावा आणि उभंच ठेवा. आडवं नाही."

"एवढंच? करतो की!"

नीरजाताईंनी भावाला स्वयंपाकघरात ओढलं. "शंभू, पोट आहे तुझं त्याच्यावर. ह्यांच्या हातात देऊ नकोस."

"ताई, माझा विश्वास आहे भावोजींवर."

"माझाही होता."

पण खाली टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. शंभू गेला.

रविवारी सकाळी बाळासाहेबांनी पार्किंगमध्ये घडवंची मांडली, तिला इंजिन आवळून बसवलं, मागे निळं पिंप लावून ते नळीने काठोकाठ भरलं. दोरी ओढली. तिसऱ्या हिसक्याला इंजिन सुरू झालं आणि बाळासाहेबांचा ऊर भरून आला. मात्र चालू करण्याआधी पंखा काढून ठेवायचा असतो, हे शंभू सांगायचं विसरला होता. आणि बाजूला दिसणारा गिअरचा दांडा ओढून बघू नये, हे बाळासाहेबांना सांगायची गरजच कुणाला वाटली नव्हती.

त्यांनी दांडा ओढला. पंखा फिरला. निम्मं पिंप कारंज्यासारखं उसळून सोसायटीच्या सेक्रेटरी सुरुचीताईंच्या नव्या स्कूटरवर पडलं. घडवंची गुरासारखी पुढे सरकू लागली. बाळासाहेबांनी एका हाताने ती धरली, दुसऱ्याने दांडा जागेवर ढकलला आणि पाय देऊन पिंप आवरलं. नळी अजून चालूच होती, त्यामुळे पाणी पुन्हा भरलं. आता मागे फिरणं नाही, असं ठरवून त्यांनी तेलाचा डबा उचलला आणि दाबला. शंभूने थोडं थोडं दाबायला सांगितलं होतं. बाळासाहेबांनी मनापासून दाबलं.

पांढरा धूर आला. आधी पार्किंग दिसेनासं झालं, मग जिना, मग समोरची बिल्डिंग. "आग! आग!" कुणीतरी ओरडलं. धुरातून सुरुचीताईंचा आवाज तेवढा स्पष्ट ऐकू आला.

"मेहेंदळे! हे काय चाललंय? ही सोसायटी आहे की बंदर? आजच्या आज हे धूड इथून..."

त्याच वेळी समोरच्या गॅलरीतून एक बाई ओरडल्या, "अहो सुरुचीताई, आली का शेवटी डासांच्या धुराची गाडी? आमच्याही जिन्याखाली मारायला सांगा ना!"

सुरुचीताई थबकल्या. नदीतल्या जलपर्णीमुळे डासांनी सगळ्यांना फोडून काढलं होतं आणि त्या दोन महिने फवारणीसाठी फोन करून थकल्या होत्या. पहिल्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या वल्लरीने तोवर वरून फोटो काढून ग्रुपवर टाकलाही होता, 'फायनली फॉगिंग! थँक यू सुरुचीताई, यू आर द बेस्ट!' खाली टाळ्यांची रांग लागली.

"पाठपुरावा करावा लागतो," सुरुचीताई वरच्या दिशेने म्हणाल्या. मग हळू आवाजात, "मेहेंदळे, मागच्या बाजूलाही थोडा जाईल का हो?"

"अहो, हे डासांचं नाही. इंजिन गंजू नये म्हणून..."

"कशासाठी का असेना. डबा शिल्लक आहे ना?"

इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत बाळासाहेबांनी डबा संपवला. त्या संध्याकाळी सोसायटीत एक डास नव्हता. ते मेले की शेजारी राहायला गेले, याची चौकशी कुणी केली नाही. मेहेंदळ्यांकडे चार घरांतून शिरा आला.

"धूर दिलात ना भावोजी?" रात्री शंभूचा फोन आला.

फोन नीरजाताईंनीच घेतला. "दिला. अख्ख्या पेठेला दिला."

पुढचे महिने इंजिन हॉलच्या कोपऱ्यात ताठ उभं राहिलं. बाळासाहेब रोज त्याची चादर उचलून बघत आणि ग्रीसचं बोट नेमकं सोफ्याला पुसत. दिवाळीनंतर शंभू ते घेऊन गेला आणि दोन दिवसांनी खाडीतूनच त्याने फोन लावला. बाळासाहेबांनी फोन बायकोच्या कानाला लावला. इंजिन एका लयीत घुमत होतं आणि त्यावरून शंभू ओरडत होता, "ताई, पहिल्याच दोरीला! गंजाचा ठिपका नाही! मेस्त्री विचारतोय, कुणाचा हात लागला?"

नीरजाताईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की बाळासाहेबांना उगीचच शर्टाची कॉलर नीट करावीशी वाटली. "चहा घेणार?" एवढंच त्या म्हणाल्या. पण चहात वेलदोडा होता.

पुढच्या मे महिन्यात गेटसमोर एक टेम्पो उभा राहिला. गोधड्यांमध्ये गुंडाळलेली सहा इंजिनं होती त्यात. दाभोळचे सहा होडीवाले बरोबर आले होते. सुरुचीताई लगबगीने खाली आल्या, स्वतःची स्कूटर बाहेर काढली आणि म्हणाल्या, "इथं लावा, माझ्या जागेवर. धूर सगळीकडे नीट पोचतो."

"मेहेंदळे मेस्त्री इथंच राहतात का?" एका होडीवाल्याने मान वर करून विचारलं.

नीरजाताई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या.

"इथंच," त्या म्हणाल्या. "पण ते येईल त्याच्या इंजिनाला हात लावत नाहीत. आधी मला दाखवा."