कागदावर एक जास्त

माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, सगळा मांडव अक्षता टाकत होता आणि तौर बाबू खांबाला टेकून माणसं मोजत होते. नंतर ते स्टेजवर आले, नारळ माझ्या हातात ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाले, "एकूण चारशे बारा. त्यात महिला दोनशे सदतीस. कडेवरची लेकरं धरली न्हाई, सर." शेजारी उभ्या असलेल्या माझ्या सासऱ्यांना वाटलं, हा माणूस आचाऱ्याकडचा. त्यांनी घाईघाईनं सांगून टाकलं, की स्वयंपाक पाचशेचा सांगितलाय, काही कमी पडणार नाही.

तौर बाबू आमच्या परतूरच्या कॉलेजातले हेडक्लार्क. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. माझ्या बायकोशी माझी ओळखच नसल्यासारखी त्यांनी तिला माझी ओळख करून दिली, "सर अर्थशास्त्राचे. पुरुष, पूर्णवेळ, पीएचडी चालू." ती पीएचडी अजून चालूच आहे आणि बायको ते वाक्य अजून विसरलेली नाही.

हे सगळं कुठून आलं, ते सांगतो. दरवर्षी प्रत्येक कॉलेजला सरकारला एक मोठा तक्ता भरून द्यावा लागतो. कोणत्या वर्गात किती मुलं, किती मुली, कोणत्या प्रवर्गातले किती, दिव्यांग किती, शिक्षक किती, शिक्षकेतर किती. तेही कधीतरीचे नाहीत, वर्षातल्या एका ठरलेल्या दिवशी पटावर जेवढे होते तेवढेच. कॉलेज भरतं, विद्यापीठ तपासतं, वर पाठवतं आणि गावोगावच्या अशा तक्त्यांची बेरीज करून देशात किती पोरं शिकतात ते दिल्लीला कळतं. आमच्याकडे त्याला नुसतं 'दिल्लीचा तक्ता' म्हणतात. शहाणी माणसं प्रवेशाची यादी समोर ठेवून अर्ध्या दिवसात तो उरकतात आणि चहा प्यायला जातात.

तौर बाबूंना यादीचा भरवसा नव्हता. त्यांचा एकच प्रश्न असायचा, "कागदानं का डोळ्यानं?" प्राचार्यांनी सांगितलं की बीकॉमला यंदा ऐंशी पोरं आहेत, तर ते विचारणार, कागदानं का डोळ्यानं? मला मुलगी झाली तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेढे वाटत होतो. त्यांनी पेढा हातात धरून तोच प्रश्न विचारला. मी खरंच अजून दवाखान्यात गेलो नव्हतो, नुसता फोन आला होता. तेव्हा म्हणाले, "मंग आधी जाऊन या." संध्याकाळी मी येईपर्यंत पेढा त्यांनी टेबलावर कागदाखाली झाकून ठेवला होता.

ठरलेल्या दिवशी ते सकाळपासून लांब वही घेऊन वर्गावर्गाला फिरत. दाराच्या चौकटीत उभं राहायचं आणि एका मुंडक्याला एक टिंब द्यायचं. मुलगा असला तर निळं, मुलगी असली तर लाल. हजर असलेल्यांचं काम दुपारपर्यंत आटपायचं. खरी मोहीम पुढे सुरू व्हायची, गैरहजरांची. ज्याचा चेहरा पाहिला नाही त्याला टिंब नाही, म्हणून पुढचे पंधरा दिवस बाबू गावभर हिंडायचे. बाजारात मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या मुलीसमोर जाऊन म्हणायचे, "तू दुसऱ्या वर्षाची ना? जरा तोंड वर कर." तिनं वर पाहिलं की वही उघडून लाल टिंब. एक मुलगा अंबडला दुकानात कामाला लागला होता, तर एसटीनं अंबडला जाऊन त्याला पाहून आले. परीक्षेला येतो म्हणाला, म्हणून टिंब दिलं. कुणी कायमचंच गेलं असलं, म्हणजे शिक्षण सोडलंच असलं, की त्याचं नाव वगळायचे आणि त्या दिवशी चहाला हात लावायचे नाहीत. शिपाई कप तसाच परत न्यायचा आणि आम्हाला कळायचं, आज एक कमी झाला.

मागे एका प्राचार्यांनी सहज सुचवलं होतं, की पाचशे चौऱ्याण्णव हा आकडा कसातरीच दिसतो, सहाशे बरा दिसेल. बाबू अत्यंत नम्रपणे म्हणाले, "सर, ती सहा पोरं मला दाखवा. आत्ता टिंब देतो." तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

घरी त्यांचं माणूस उरलं नव्हतं. मुलगा-सून पुण्याला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या तेव्हा तेरावं झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबू कामावर हजर झाले आणि शिष्यवृत्तीच्या फायली काढून बसले. माणूस कोरडा आहे, असं तेव्हा आम्ही ठरवून टाकलं. माणसांबद्दल ठरवून टाकायला आमच्या स्टाफरूममध्ये फार वेळ लागत नाही.

गेल्या जुलैअखेर ते निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. बाबूंनी उत्तराच्या भाषणात दोनच वाक्यं म्हटली, त्यातलं एक हॉलमधल्या उपस्थितीबद्दल होतं. सोमवारी सकाळी पाहतो तर गेटमधून वही घेऊन आत येताहेत.

मला हायसं वाटलं. कारण दिल्लीच्या तक्त्याचं काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात मारलं होतं. मला कॉम्प्युटर येतो असा त्यांचा समज आहे, कारण एकदा मी त्यांच्या मोबाईलमधले फोटो सापडवून दिले होते. मी बाबूंना विचारलं, मदत कराल ना? ते म्हणाले, "मी रोज येऊनच राह्यलो." मी समजलो, माणूस जुन्या सवयीनं येतोय आणि माझ्याच तक्त्यासाठी येतोय. सकाळी कुठंतरी गायब असायचे, अकराच्या सुमाराला ऑफिसात येऊन बसायचे. कुठं असता, हे मी कधी विचारलं नाही. आपलं काम होत असलं की आपण विचारत नाही.

ठरलेल्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं मोजलं. पुढे पंधरा दिवस हिंडले. मग आम्ही बेरीज केली आणि घोळ झाला. वहीत टिंबं सहाशे बारा. कॉम्प्युटरमध्ये प्रवेश सहाशे तेरा. कागदावर एक जास्त.

प्राचार्य म्हणाले, शनिवारी तक्ता गेलाच पाहिजे, नाहीतर विद्यापीठाचं पत्र येईल. मी बाबूंना म्हणालो, सहाशे तेरा टाकून मोकळे होऊ, एकानं काय होतंय? मी दुधात पाणी घालायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, एक म्हणजे एक माणूस हाय तो. कागदावर हाय आन् मला दिसला न्हाई, म्हणजे कोणतरी गेलंय. आपल्या हातून सुटून गेलंय आन् आपल्याला पत्ताच न्हाई."

एखादी मुलगी लग्न करून गेली असेल, एखाद्यानं दप्तर टाकून काम धरलं असेल, वेळेत कळलं तर परत आणता येईल, असं ते सांगत राहिले. मागच्या वर्षी तशी एक मुलगी त्यांनी सासूशी बोलून परत आणलीही होती. मलाही मग सहाशे तेरा टाकून मोकळं होववेना.

गुरुवारी सकाळी अकराला बसलो. मी यादीतलं नाव वाचायचं, त्यांनी साक्ष द्यायची. काम तासाभराचं होतं, पण बाबूंची साक्ष म्हणजे साक्षच.

"पाह्यली. आष्टीच्या बसस्टँडवर, आईसंगं व्हती. आईला दिसत न्हाई बराबर."

"पाह्यला. हात मोडला व्हता, पलस्तरात."

"पाह्यली. हुशार हाय, पण मोठ्यानं बोलत न्हाई."

मी सहा वर्षं इथल्या पोरांना शिकवतोय. यातलं मला काही माहीत नव्हतं, आणि हे कबूल करायला आजही जड जातं. गुरुवार गेला, शुक्रवारी दुपारपर्यंत तिसरं वर्ष झालं, दुसरं झालं. राहिला बीए पहिल्या वर्षाचा वर्ग. बाबूंचं तोंड उतरत चाललं होतं. शिपायानं आणलेला चहा त्यांनी परत पाठवला. नाव कळायच्या आधीच ते दुखवट्याला बसले होते.

मी वाचत गेलो. "ढवळे पूजा." पाह्यली. "तांगडे आकाश." पाह्यला. "तौर किसन बापूराव."

साक्ष आली नाही. मी सवयीनं पुढचं नाव वाचलं आणि मग थांबलो. सापडला होता. मला इतका आनंद झाला, की आडनावाचा विचार न करता आधी मी जन्मतारीख पाहिली आणि आमच्या ऑपरेटरला शिव्या घातल्या. म्हटलं, हे बघा, वर्षच चुकीचं टाकलंय, या हिशोबानं हा पोरगा अठ्ठावन्न वर्षांचा होतो. बापाची तारीख टाकली असणार. पण हा तौर कोण, तुमच्या भावकीतला आहे का?

"वर्ष बराबर हाय, सर," बाबू म्हणाले.

गेली सहा वर्षं मी त्या माणसाला तौर बाबू म्हणत होतो. त्यांचं नाव किसन आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

ते वहीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. पहिल्या वर्षाचं पान उघडून टिंबांवरून बोट फिरवत होते. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग हळूच म्हणाले, "म्या दारात उभा व्हतो ना. दारात उभं राहून मोजायची सवय. मलाच मोजलं न्हाई."

आणि मग हसायला लागले. दोन दिवस ज्याच्यासाठी जीव टाकला, तो हरवलेला विद्यार्थी समोरच्या खुर्चीत बसला होता. मीही हसलो. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि पुसतच राहिले, तेव्हा मी थांबलो.

मग त्यांनी सांगितलं. निवृत्तीच्या आठ दिवस आधी तक्त्याचा कोरा नमुना काढून पाहिला होता. ठरलेला दिवस येईल तेव्हा ते नोकरीत नसणार. शिक्षकांत नाहीत, शिक्षकेतरांत नाहीत, विद्यार्थ्यांत नाहीत. "इतकी वर्षं तक्ता भरला, सर. पहिल्यांदाच म्या कोणत्याच रकान्यात नव्हतो. ती व्हती तंवर घरात कोणी म्हणायचं तरी, आलात का. आता सकाळी अंघोळ करून बसलो तर जायचं कुठं?" बारावी होऊन लगेच नोकरी लागल्यामुळे कॉलेज राहूनच गेलं होतं. प्रवेश बंद व्हायला पाच मिनिटं उरली तेव्हा, जागा रिकाम्या आहेत याची खात्री करून, त्यांनी स्वतःचा अर्ज भरला. कुणा लेकराची जागा जायला नको म्हणून. अर्जावर 'तपासले' हा शिक्का आणि सहीही त्यांचीच.

सकाळी ते कुठं गायब असायचे, तेही उलगडलं. इतिहासाच्या तासाला. तिथं तासिका तत्त्वावर एक नवे सर आहेत, बिचारे दर तासाच्या हिशोबावर जगणारे. ऑफिसचा म्हातारा माणूस रोज मागच्या बाकावर वही घेऊन बसतो म्हणजे आपल्यावर पाळत आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. त्या धास्तीनं त्यांनी चार महिन्यांत एकही तास बुडवला नाही, घंटेआधी सोडला नाही. इतिहासाचा अभ्यासक्रम वेळेत संपण्याची आमच्या कॉलेजातली ही पहिलीच खेप.

बाबू उठले. म्हणाले, "तुम्हाला तरास नको, सर. दिल्लीला असं म्हातारं नाव बरं दिसायचं न्हाई. प्रवेश रद्दचा अर्ज देतो, म्हणजे सहाशे बारा बराबर जुळतंय." खिशातून निळं पेन काढून ते खरंच कागद शोधायला लागले. मी पेन काढून घेतलं. एका वडीलधाऱ्या माणसाच्या हातातून असं काही हिसकावून घेण्याची माझी ती पहिलीच वेळ. म्हटलं, रद्दबिद्द काही नाही, पण टिंबही असं बसल्या जागी मिळणार नाही. उद्या सकाळी वर्गात या.

शनिवारी सकाळी पहिल्या तासाला मी त्यांची वही घेऊन इतिहासाच्या वर्गाच्या दारात उभा राहिलो. आता दोघं पाळतीवर आलेले पाहून नवे सर फळ्याकडे वळले आणि भराभर सनावळ्या लिहायला लागले. मी पुढच्या बाकापासून मोजत निघालो. पोरांना पाहत मोजायला वेळ लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मागच्या बाकाजवळ आलो तर तौर बाबू उभे राहिले. हात बाजूला, गळ्याचं बटणही लावलेलं, डोक्याला तेल.

मी म्हटलं, "बसा ना बाबू, उभं कशाला राहायचं?"

"असू द्या सर," ते म्हणाले. "बसलेलं माणूस नजरेतून सुटतंय."

मी निळं पेन काढलं आणि त्यांच्यासमोर वही धरून टिंब दिलं. टिंब उमटलेलं डोळ्यानं पाहिल्यावर मगच ते खाली बसले.