नळी खाली!

आमच्या शेजारच्या सुदामकाकांच्या अंगणातून छत्री आडवी धरून जाऊ नका. मी एकदा गेले. काका "नळी खाली!" असे काही गरजले, की माझ्या हातातली दुधाची पिशवी धपकन खाली. छत्री, झाडू, पाण्याचा पाइप, टीव्हीचा रिमोट, काहीही माणसाकडे रोखलेलं या माणसाला खपत नाही. मी शिवणकाम करते, माझी कात्री घेतानासुद्धा टोक आधी जमिनीकडे. मागे दवाखान्यात नर्सने ताप मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र कपाळावर धरलं, तर काका तिच्याशीच भांडून ताप घेऊन घरी परत आले. कारण काय, तर काकांनी उभी हयात लोहाऱ्याकडच्या एका कापसाच्या जिनिंग गिरणीच्या फाटकावर बंदूक घेऊन पहारा दिला.

असा माणूस म्हातारपणी मोबाइलवर बंदुकीचा खेळ खेळायला लागला तर काय होईल? माझ्या दुपारचं वाटोळं होईल. तेच झालं.

"पाह्य, पाह्य या लेकाले! धावता धावता नेम धरून राह्यला! दम लागत नाई काय याले? बंदुकीचा बट खांद्याले लावलाच नाई! आमी असा बार उडवला असता त खांदा उखडून हातात आला असता!"

मी मशीन थांबवते. पुन्हा चालू करते. पुन्हा ओसरीवरून तोफ.

"अर्ध्या गोळ्या फेकून देल्या ना त्वा? मंग त्या वापस खिशात कशा आल्या? अन् हा मेलेला उठून कायले पळते?"

सगळ्यात मोठा संताप मात्र एकाच गोष्टीचा. त्या खेळात आपल्या टोळीतल्या माणसाला आपली गोळी लागत नाही. "म्हनून काय त्याच्या तोंडावर बंदूक धरून उभं राह्यचं? हे शिकवून राह्यले पोरायले? बेशरम!" हे बोलताना काकांचा आवाज फाटायचा, आणि काकू आतून पाण्याचा गडू आणून समोर ठेवायच्या.

स्वतः काका कसे खेळत? नळी खाली ठेवून! पण त्या खेळात नळी खाली केली की नजरही खालीच जाते. त्यामुळे यांच्या पडद्यावर नुसतं गवत, आणि पुढे चालणाऱ्या कोणाचे तरी बूट. त्या बुटांच्या मागे मागे जायचं, एकही गोळी मारायची नाही, आणि मरायचं. असा पराक्रम रोजचा.

"एवढा राग येतो तर खेळता कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं. काकांनी पुढचा डाव लावला. उत्तर काकूंनी दिलं, माझ्या घरी येऊन, दार लोटून.

पडद्यावरचे ते बूट विश्वासचे होते. विश्वास म्हणजे काकांचा पाठचा भाऊ. कापसाची ती वाईट वर्षं होती. त्या हंगामात जिनिंगवाल्यांनी कापूस मोजून घेणंच बंद केलं आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. लोक चिडले, फाटक हलवायला लागले. आतून साहेब ओरडला, "बंदूक उचल!" काकांनी उचलली. नळीच्या समोर विश्वास उभा होता. त्याचीही गाडी रांगेत होती.

"रिकामी होती ना रे!" काका त्याला मागाहून म्हणाले. खरंच रिकामी होती, काडतुसं साहेबाच्या कपाटात. विश्वास म्हणाला, "समोर उभा राह्यलेल्याले रिकामी का भरलेली, काय दिसते?" तो बायकोपोरं घेऊन पुसदला गेला. तेव्हापासून काकांचा फोन उचलत नाही. मला त्या साहेबाचा असा राग आला म्हणून सांगू! ओरडायला हा, आणि भाऊ तुटला दुसऱ्याचा.

जावाजावा मात्र चोरून बोलत. त्यातूनच काकूंना कळलं, की विश्वास कंबर धरल्यामुळे घरीच असतो आणि दिवसभर हा खेळ खेळतो. मग काकूंनीच शेजारच्या गल्लीतल्या मोबाइलवाल्याकडून काकांना विश्वासच्या टोळीत घुसवलं, भलत्याच नावाने. खेळात एकमेकांशी बोलता येतं. पण काका आपला आवाज बंद ठेवत. आवाज ओळखला तर विश्वास टोळीतून काढून टाकेल, ही धास्ती.

मला हे ऐकून रडू यायला हवं होतं. मला संताप आला. भाऊ इथे, कानाशी, आणि हा माणूस रोज त्याच्या बुटांमागे मुक्याने फिरतो!

दुसऱ्या दिवशी दुपारी काका रंगात आले होते. "विश्वास, लेका, मांगं पाह्य! उघड्यावर काहून उभा राह्यला? कंबर सांभाळ!" मी ओसरीवर गेले, वाकले, आणि पडद्यावर काकांनी बंद ठेवलेलं आवाजाचं बटण दाबून चालू केलं. खेळाच्या नादात काकांना पत्ताच नाही. "बस त्या भिंतीमांगं. मी हाय इथं," ते बोलतच होते.

फोनमधून आवाज आला, "बसतो, भाऊ."

काकांच्या हातातून फोन निसटलाच असता. काकू दारात आल्या.

"कवापासून वयखलं त्वा?" काकांनी विचारलं.

"पयल्याच दिवशी. दुसरं कोन येवढं मुक्यानं मांगं मांगं फिरते?" विश्वास म्हणाला. "मी वाट पाहून राह्यलो होतो, कवा बोलता म्हनून."

काकांचे ओठ हलले. मला वाटलं, आता पुन्हा तेच म्हणणार, रिकामी होती म्हणून. पण नाही. फोन तोंडाजवळ नेऊन ते एवढंच म्हणाले, "चुकलं रे माह्यं."

तेवढ्यात कोणीतरी येऊन खेळात दोघांनाही गोळ्या घातल्या. दोघे गवतात शेजारी शेजारी आडवे झाले. काकांना ते दिसलंही नाही.

"आयकून राह्यलो, भाऊ," फोनमधून विश्वास म्हणाला. "बोला."