चावा चुकून की मुद्दाम?

आपल्या हाताखालून गेलेली फाइल कधी परत येत नाही, हे दशांशराव भेटेल त्याला सांगत. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात, जिन्याखालच्या खोलीत बसून गेली एकोणीस वर्षं ते प्रत्येक दुखण्याला त्याचा कोड लावत होते. कोडमधल्या दशांश चिन्हापुढचे आकडे बरोबर जमले की त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागे. म्हणून हे नाव! बारशाचं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

डॉक्टरमंडळी त्यांच्यावर दात धरून होती. कोणी बिचाऱ्याने घाईत 'बोटाला चावा' एवढंच लिहिलं की फाइल उलट पावली परत! कुठलं बोट? उजव्या हाताचं की डाव्या? नखाला इजा आहे की नाही? पहिली भेट की पुढची? चावलं कोण? माणूस असेल तर चुकून की मुद्दाम? कारण चुकून चावला तर एक कोड आणि मुद्दाम चावला तर तो हल्ला, त्याचा कोड वेगळा!

"आपण अंदाज करायचा नाही," ते कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरीणबाईंना सुनवायचे. "पेशंटने सांगितलं ते तुम्ही लिहायचं, तुम्ही लिहिलं त्याला मी कोड लावायचा."

घरी मात्र त्यांना एकच प्रश्न होता, आणि तो खाटेवर पडून होता. तीन वर्षांपूर्वी बाबांना पक्षाघात झाला. डावी बाजू गेली, वाचा गेली. त्यांना उचलून उचलून सूनबाईच्या कमरेला पट्टा आला. आठ महिने यादीत थांबल्यावर वृद्धाश्रमात एक जागा निघाली होती आणि सोमवारी बाबांना न्यायचं होतं. आश्रमाच्या अटी दोन. माणूस मारका, चावरा नको. आणि त्याला समज असेल तर अर्जावर त्याची स्वतःची सही हवी. नसेल तर मुलाची चालेल.

बाबांनी सही करणं शक्य नव्हतं. हे घर त्यांनी उभं केलेलं. एकदा आश्रमाचं नाव निघालं तेव्हा त्यांनी उजव्या हाताने समोरचं ताट भिंतीवर भिरकावलं होतं. ताट हातून निसटलं, असं घरात ठरवून टाकण्यात आलं.

बुधवारी सकाळी दशांशराव बाबांच्या जिभेवर गोळी ठेवत होते आणि बायको अर्ज भरत होती.

"समज आहे की नाही, असं विचारलंय," ती कुजबुजली.

"मोठ्याने वाच की! त्यांना काय कळतंय! 'नाही'वर खूण कर."

तिने खूण केली, आणि दशांशरावांनी अशी बोंब ठोकली की समोरचे लोक गॅलरीत आले! बोट बाबांच्या दातांत! दात उरले होते पाच, पण पाचही कामाचे. दशांशरावांनी ओढलं, बायकोने ओढलं, बाबा सोडेनात. चावत होते आणि मुलाच्या डोळ्यांत बघत होते.

कॅज्युअल्टीत डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. इतक्या आनंदाने त्यांनी आजवर एकही फाइल लिहिली नसेल.

"कुठलं बोट, काका?"

"दिसतंय की!"

"आपण अंदाज करायचा नाही ना?"

"उजवी तर्जनी. नखाला इजा आहे. पहिली भेट," दशांशराव कण्हत म्हणाले.

"चावलं कोण?"

बाबांचं नाव घेतलं की बाबा चावरे ठरले, आणि आठ महिन्यांची जागा गेली!

"कुत्रा," ते म्हणाले.

बाईंनी बोट उलटसुलट करून पाहिलं. "कुत्र्याचे दात असे?"

"पेशंटने सांगितलं ते लिहायचं!"

"लिहिते. भटका की पाळीव?"

"पाळीव. आमचाच."

एकोणीस वर्षं त्यांनी कुत्र्याच्या चाव्याला कोड लावला होता. तो कोड लागल्यावर माणसाचं पुढे काय होतं, हे जिन्याखाली कधी कळलंच नव्हतं! आधी जखमेभोवती सुया, मग दंडात सुई, मग पुढच्या सुयांच्या तारखा. आणि शुक्रवारी दारात पालिकेच्या प्राणी विभागाचा माणूस, हातात दोराचा फास.

"कुत्रा दाखवा. दहा दिवस नजर ठेवावी लागते."

"अहो, आमच्याकडे कुत्रा नाही!" बायको म्हणाली.

"तो... पळाला," दशांशराव आतून धावत आले.

"चावून पळाला? म्हणजे पिसाळलेला!"

पाऊण तासात गल्लीची दोन्ही टोकं बंद! पोरं घरात कोंडली गेली. शेजारणीचा लाडका, लठ्ठ, जन्मात कोणावर न भुंकलेला कुत्रा फासात सापडला आणि शेजारीण दशांशरावांच्या पायरीवर बसून धाय मोकलून रडू लागली. ते काही बायकोला बघवेना.

"सोडा हो त्याला!" ती गल्लीच्या मधोमध किंचाळली. "आमचे सासरे चावलेत!"

त्या माणसाने शांतपणे कागदावर लिहिलं: कुत्रा नाही, सासरे. शनिवारी सकाळी चाव्याची ती फाइल परत आली, थेट दशांशरावांच्या टेबलावर. सगळा विभाग ती बघायला रांगेने येऊन गेला!

दुपारी बाबांना चाकाच्या खुर्चीतून रुग्णालयात आणलं. आश्रमासाठी दाखला हवा होता, आणि चाव्याच्या नोंदीची दुरुस्तीही त्याच डॉक्टरीणबाईंकडे होती. चावा चुकून ठरला तरच जागा टिकणार होती.

"चुकून चावले हो," दशांशराव म्हणाले. "त्यांना काही कळत नाही."

"मी त्यांनाच विचारते." बाईंनी बाबांचा उजवा हात हातात घेतला. "आजोबा, मुद्दाम चावला असाल तर माझा हात दाबा. दाबलात तर तुम्हाला सगळं कळतं असं मी लिहीन. मग सही तुमची लागेल."

बाबांनी सुनेकडे बघितलं. ती भिंतीला टेकून, कमरेचा पट्टा धरून उभी होती. मग त्यांनी मुलाकडे बघितलं, बराच वेळ. दशांशरावांना तो हात माहीत होता. रोज रात्री पांघरूण घालताना तो त्यांचं मनगट असा धरायचा की सोडवून घ्यावं लागे.

आज तो हात बाईंच्या हातात सैल पडून राहिला.

"चुकून," बाई लिहू लागल्या. "समज: नाही."

बाबांनी डोळे मिटून घेतले. दशांशरावांना रडू फुटायच्या बेतात होतं. नाही हो, त्यांना सगळं कळतं, आत्ताही कळलं, एवढंच बोलायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "खाली तारीख राहिली."